कलेक्टर्स एडिशन घ्यावी का? पहिली पेटी मागवण्याआधी

माझ्या कपाटावर एक योद्धा उभा आहे. फूटभर उंच, खांद्यावर लांडग्याचं कातडं, हातात तलवार. मध्यंतरी एका मित्राची सात वर्षांची मुलगी घरी आली होती. तिनं मान वर करून विचारलं, "काका, हा कोण?" आणि मला त्याचं नाव आठवेना. आठेक तास खेळून तो गेम मी बाजूला ठेवला होता, तो कायमचाच. साध्या प्रतीच्या जवळपास तिप्पट पैसे मोजून घेतलेली ती माझी पहिली कलेक्टर्स एडिशन, म्हणजे व्हिडिओ गेमच्या नावानं पुतळा, पुस्तक, नकाशा अशा वस्तू भरून विकतात ती मोठी पेटी.

यावरून हा लेख ‘घेऊच नका’ सांगायला लिहिलाय असं समजू नका. त्यानंतरही मी पेट्या घेतल्या, आणि त्यांतली एक तर घर बदलताना सामानाच्या गाडीत न टाकता मांडीवर घेऊन बसलो होतो. आठवण म्हणून आणायची वस्तू माणूस सहलीवरून परतताना घेतो. इथे ती सहलीला निघायच्या आधी, तिकिटासोबतच गळ्यात मारली जाते. गेम कसा निघेल हे कुणालाच ठाऊक नसताना आपण त्याची आठवण विकत घेत असतो. बहुतेक पस्तावे इथूनच सुरू होतात, आणि खालच्या पायऱ्या हा उलटा क्रम जमेल तेवढा सरळ करण्यासाठी आहेत.

पायरी पहिली: नाव सोडा, यादी वाचा

स्टँडर्ड, डिलक्स, गोल्ड, अल्टिमेट, लिमिटेड, प्रीमियम, कलेक्टर्स. या नावांना कसलंही ठरलेलं माप नाही. एका कंपनीची डिलक्स म्हणजे आर्टबुक (गेमच्या चित्रांचं पुस्तक) आणि पोस्टरसकट खोका, तर दुसरीची डिलक्स म्हणजे घोड्याचं वेगळं खोगीर आणि दोन पोशाख, तेही पडद्यावरच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ‘लिमिटेड’ हा शब्दही तितकाच सैल. किती प्रती काढल्या तो आकडा कुठे छापलेला नसेल, तर लिमिटेडचा अर्थ ‘साठा संपेपर्यंत’ एवढाच घ्यायचा.

म्हणून पेटीत काय आहे याची यादी उघडा आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधा: गेम आहे का? हसू नका. २०२४ साली ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’साठी ‘रूक्स कॉफर’ नावाची पेटी निघाली. तिच्यात खंजीर होता, मेणबत्ती होती, पत्ते-फासे होते, गेम मात्र नव्हता. तो वेगळा घ्यायचा. ‘मास इफेक्ट लेजंडरी एडिशन’च्या वेळी, २०२१ मध्ये, डोक्यात घालायच्या हेल्मेटची पेटी होती, तिचंही तेच. यात फसवणूक नाही, यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं. पण पुतळ्याचा फोटो बघून ज्याचे डोळे विस्फारलेत तो यादीच्या तळाची ओळ वाचत नाही.

गेम आहे असं दिसलं की पुढचा प्रश्न, कोणत्या रूपात? ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या दोन्हींच्या २०२२ मधल्या कलेक्टर्स एडिशनमध्ये देखणी स्टीलबुक होती, म्हणजे पत्र्याची डबी, पण आत डिस्क नव्हती. गेम कोडवर, म्हणजे दिलेला क्रमांक टाकून डाउनलोड करायचा. डिस्क ठेवायची डबी आणि आत हवा! ‘स्टारफिल्ड’च्या २०२३ मधल्या पेटीतही कोडच होता, घड्याळासोबत. आता निन्टेंडो स्विच २ वर तर अशी कार्टरिजं आहेत ज्यांच्यात गेमचा डेटाच नसतो. कार्टरिज ही फक्त किल्ली, गेम डाउनलोड करायचा. कोड एकदा वापरला की तो तुमच्या खात्याला चिकटतो. पुढे कंटाळा आला तर गेम विकता येत नाही, मित्राला देता येत नाही.

उलट बाजूही बघा. पेटीत डिस्क आहे आणि तुमच्या कन्सोलला, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राला, डिस्क घालायचा ड्राइव्हच नाही, असं होऊ शकतं. एक्सबॉक्स सिरीज एस किंवा प्लेस्टेशन ५ ची डिजिटल एडिशन असेल तर डिस्क काय कामाची? परदेशातून मागवत असाल तर कोड कोणत्या विभागाचा आहे तेही तपासा. डिस्क बहुधा कुठेही चालते, पण सोबतच्या जादा पोशाखांचे, नकाशांचे कोड दुसऱ्या देशातल्या खात्यावर चालत नाहीत.

‘पाच दिवस आधी खेळा’ या आमिषाबद्दल जास्त बोलत नाही. ‘स्टारफिल्ड’ ६ सप्टेंबर २०२३ ला आला, ज्यादा पैसे भरणाऱ्यांना १ सप्टेंबरला मिळाला. ७ तारखेला त्या ज्यादा पैशांचं काय उरलं ते तुम्हीच सांगा.

पायरी दुसरी: हा गेम तुमचा आहे का

इथे थोडं थांबूया.

प्री-ऑर्डर, म्हणजे आगाऊ नोंदणी, उघडते तेव्हा गेम यायला चार-सहा महिने असतात. हातात काय असतं? दोन ट्रेलर, काही चित्रं आणि आपला उत्साह. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी आपली गत झालेली असते, आणि पेटीची जाहिरात नेमकी त्याच आठवड्यात येते. २०२० मधला ‘सायबरपंक २०७७’ आठवा. मोटारसायकलवरच्या नायकाचा मोठा पुतळा असलेली पेटी लोकांनी वर्षभर आधी नोंदवून ठेवली. गेम १० डिसेंबरला आला आणि जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था अशी होती की सोनीनं आठ दिवसांत तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. परत यायला २०२१ चा जून उजाडला. पुढे कंपनीनं तो दुरुस्त केला आणि आज तो चांगला गेम आहे हे मान्य. पण पेटी घेणाऱ्यानं आजच्या गेमसाठी नव्हे, त्या डिसेंबरमधल्या गेमसाठी पैसे दिले होते.

मी स्वतःपुरता नियम केलाय. त्या मालिकेतला आधीचा एक तरी गेम मी शेवटपर्यंत खेळलेला असला पाहिजे. ‘आवडला होता’ पुरत नाही, संपवलेला पाहिजे. आवडलेले पण अर्धवट टाकलेले गेम माझ्याकडे डझनभर आहेत, तुमच्याकडेही असतील. एखादी मालिका तुम्ही तीनदा संपवली असेल, पात्रांची नावं झोपेत उठवलं तरी सांगाल अशी स्थिती असेल, तर तुम्ही सहल केलेलीच आहे. नव्या भागाची पेटी घेताना धोका पुष्कळ कमी. अगदी नवा, पहिलाच गेम असेल तर साधी प्रत घ्या, किंवा तीही थांबून. वर्ष-दोन वर्षांनी बऱ्याच गेमची ‘कम्प्लीट’ किंवा ‘गेम ऑफ द इयर’ एडिशन निघते, तिच्यात सगळे जोडभाग असतात आणि तोवर चुका दुरुस्त झालेल्या असतात.

फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमच्या बाबतीत हात आणखी आखडता घ्या. ‘काँकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे! ग्राहकांना पैसे परत मिळाले, हे खरं. पण ‘द क्रू’ हा २०१४ मधला मोटारींचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर डिस्क हातात असूनही चालेनासा झाला. अशा गेमचा पुतळा उद्या नुसताच पुतळा उरतो.

पायरी तिसरी: पेटी फोडून एकेका वस्तूला किंमत लावा

कागद घ्या. मनातल्या मनात करू नका, मनातला हिशोब नेहमी पेटीच्या बाजूनं झुकतो. यादीतली प्रत्येक वस्तू लिहा आणि समोर आकडा टाका: ही वस्तू दुकानात सुटी मिळाली असती तर मी किती दिले असते? जी सुटी घेतलीच नसती तिच्यासमोर शून्य. गेमच्या साध्या प्रतीची किंमत त्यात मिळवा आणि पेटीच्या किमतीशी ताडून बघा.

माझ्या शून्यांची यादी लांब आहे. चावीची साखळी, स्टिकर, पोस्टकार्डं, कापडी बिल्ले, ‘प्रमाणपत्र’. डिजिटल वॉलपेपर तर जाहिरात आपल्या संगणकावर लावायचे आपणच पैसे देतो असा प्रकार. डिजिटल साउंडट्रॅक बहुतेकदा ऐकण्याच्या अ‍ॅपवर वेगळा असतोच. स्टीलबुक ही चव-आवडीची गोष्ट आहे. मला आवडते, बायकोच्या मते तो बिस्किटांचा डबा आहे.

आर्टबुकपाशी मात्र सावध व्हा. पेटीतलं आर्टबुक आणि दुकानात मिळणारं ‘द आर्ट ऑफ’ नावाचं जाड पुस्तक ही बहुतेकदा दोन वेगळी पुस्तकं असतात. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’च्या २०२० मधल्या पेटीत ४८ पानांचं छोटं आर्टबुक होतं, त्याच वर्षी त्याच प्रकाशकानं, डार्क हॉर्सनं, पूर्ण आकाराचं पुस्तक वेगळं काढलं. तुम्हाला खरोखर चित्रंच हवी असतील तर साधा गेम अधिक मोठं पुस्तक हा सौदा पेटीपेक्षा स्वस्तही पडतो आणि सरसही. पेटीच्या यादीत ‘मिनी’ हा शब्द दिसला, किंवा पानांची संख्याच दिलेली नसली, की समजून घ्या.

साध्या प्रतीत काय येतं हेही बघायला विसरू नका. ‘द विचर ३’ २०१५ मध्ये आला तेव्हा त्याच्या अगदी साध्या डबीतही नकाशा, साउंडट्रॅकची सीडी, त्या जगाची ओळख करून देणारी पुस्तिका, स्टिकर आणि आभाराचं पत्र होतं. कलेक्टर्स एडिशनमध्ये मुख्य भर पडली ती पंखवाल्या ग्रिफिनशी झुंजणाऱ्या गेराल्टच्या, म्हणजे गेमच्या नायकाच्या, पुतळ्याची. म्हणजे प्रश्न सोपा झाला: पुतळा हवा की नको?

मग चांगली पेटी कशी ओळखायची? माझ्या मते जी वस्तू खेळताना हातात येते ती चांगली. याची मुळं फार जुनी आहेत. १९८२ मध्ये इन्फोकॉम कंपनीनं ‘डेडलाइन’ नावाचा खुनाच्या तपासाचा गेम काढला. सगळा मजकूर फ्लॉपीत मावत नव्हता, म्हणून पोलिसांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचा फोटो आणि पिशवीत घातलेल्या गोळ्या असं सगळं खोक्यातच दिलं. खेळणारा टेबलावर कागद पसरून बसायचा आणि खरोखर तपास करायचा. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये कापडावर छापलेला नकाशा होता, सोबत धातूचा छोटा अँख, म्हणजे वर फास असलेलं क्रुसासारखं इजिप्शियन चिन्ह. कापडी नकाशा मांडीवर ठेवून रस्ता शोधायची गंमत ज्यानं अनुभवली त्याला फूटभर पुतळ्याचं आकर्षण कमीच वाटतं. १९९९ मध्ये वर्किंग डिझाइन्सनं ‘लूनार: सिल्व्हर स्टार स्टोरी कम्प्लीट’सोबत कापडी नकाशा, चामडी बांधणीचं वाटावं असं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि गेम कसा बनला त्याची सीडी दिली होती. आजही एखाद्या यादीत कापडी नकाशा दिसला की माझा हात पाकिटाकडे जातो, हा माझा कमकुवतपणा समजा.

पायरी चौथी: फोटोवर भाळू नका

प्री-ऑर्डरच्या पानावरचा पुतळा हा कारखान्यातून आलेला पुतळा नसतो. तो एक तर संगणकावर काढलेला असतो, नाहीतर कारागिरानं हातानं रंगवलेला नमुना असतो. खाली बारीक अक्षरात ‘प्रत्यक्ष वस्तू वेगळी असू शकते’ असं लिहिलेलं असतंच. म्हणून दोन शब्द शोधा: उंची आणि साहित्य. ‘भव्य पुतळा’ म्हणजे काहीच नाही. २३ सेंटिमीटर म्हटलं की पट्टी घेऊन मोजता येतं. (‘एल्डन रिंग’च्या पेटीतला मलेनिया या पात्राचा पुतळा बरोब्बर तेवढा होता.) साहित्य पीव्हीसी असेल तर वजनाला हलकं, पडलं तरी फुटत नाही, पण पातळ भाग वाकतात. रेझिन किंवा पॉलिस्टोन असेल तर जड, हाताला गार, बारकावे सुंदर, आणि पडलं की तुकडे.

साहित्याचा शब्द किती महागात पडू शकतो याचं उदाहरण म्हणजे २०१८ ची ‘फॉलआउट ७६’ची पॉवर आर्मर एडिशन. किंमत २०० डॉलर. यादीत कॅनव्हासची पिशवी लिहिलेली होती, लोकांच्या घरी आली ती पातळ नायलॉनची. तक्रारी झाल्यावर कंपनीनं आधी भरपाई म्हणून गेममधलं ५०० अ‍ॅटम एवढं चलन देऊ केलं, ज्याची किंमत ५ डॉलर होती. संताप एवढा वाढला की शेवटी खऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या द्यायचं कबूल करावं लागलं. दुर्दैव बघा, पिशवीसाठी तक्रार नोंदवणाऱ्या काही ग्राहकांची माहिती त्याच डिसेंबरात चुकून इतर ग्राहकांना दिसली. आणि हे सगळं एका पिशवीपायी! पण यातली कामाची गोष्ट अशी की ‘कॅनव्हास’ हा शब्द पानावर लिहिलेला होता म्हणूनच लोकांना भांडता आलं.

चालणाऱ्या, उजळणाऱ्या, बोलणाऱ्या वस्तूंबद्दल माझं मत जरा कडक आहे. २००९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’सोबत अंधारात खरोखर दिसणारा चष्मा होता, पहिल्या रात्री सगळं घर त्यातून बघून होतं, मग तो खोक्यात जातो. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’ची मनगटावर बांधायची पिप-बॉय ही कल्पना म्हणून झकास होती, आत आपला फोन बसवायचा आणि गेमसोबत वापरायचा. पण तेव्हाचे मोठे फोनच तिच्यात बसत नव्हते, आणि फोन पुढे लहान झाले नाहीत. २००७ च्या ‘हेलो ३’च्या पेटीतलं हेल्मेट तर दिसायला हेल्मेट, पण डोक्यात जाणारं नव्हतंच. यादीत ‘परिधान करण्यायोग्य’ असं लिहिलेलं नसेल तर ती शोभेची वस्तू.

आणि कधी कधी वस्तू येतच नाही. २०१५ मध्ये ‘बॅटमॅन: आर्खम नाइट’ची बॅटमोबिल (बॅटमॅनची गाडी) असलेली एडिशन गेम बाजारात यायला थोडेच दिवस उरलेले असताना रद्द झाली, दर्जा आमच्या मापात बसला नाही असं कारण दिलं गेलं. खरं सांगायचं तर मला तो निर्णय आवडला. वाईट वस्तू माथी मारण्यापेक्षा ते बरं.

पायरी पाचवी: ऑर्डर टाकताना

ऑर्डरच्या दिवशी त्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा: यादी, उंची, साहित्य, फोटो, ऑर्डर रद्द करायच्या अटी. नंतर पान बदलतं. पैसे लगेच कापले जाणार की माल निघताना, हे आधीच बघा. सहा महिने पैसे अडकून पडणार असतील तर निदान ते जाणूनबुजून अडकवा.

परदेशातून येणाऱ्या पेटीच्या बाबतीत कुरियरवाले बहुतेकदा नुसतं वजन नाही, आकारमानही मोजतात. पुतळ्याची पेटी म्हणजे निम्मी हवा आणि थर्माकोल, त्यामुळे वाहतुकीचा खर्च अंगावर येतो, वर सीमाशुल्क. हे दोन्ही आकडे तिसऱ्या पायरीच्या कागदावर मिळवा आणि पुन्हा एकदा बेरीज बघा. मी दोनदा इथेच माघार घेतली आहे.

लिमिटेड रन गेम्ससारख्या, २०१५ पासून छोट्या गेमच्या डिस्क काढणाऱ्या कंपन्यांची तऱ्हा वेगळी. त्या बऱ्याच पेट्यांसाठी ठरावीक आठवडे ऑर्डर खुली ठेवतात आणि आलेल्या ऑर्डरींच्या हिशोबानं माल बनवतात. यात पहाटे उठून रिफ्रेश मारत बसावं लागत नाही, आणि गेम डिजिटल रूपात आधीच आलेला असेल तर खेळून, आवडला तरच पेटी मागवता येते. म्हणजे माझा तो उलटा क्रम सरळ होतो. बदल्यात वाट पाहायची तयारी ठेवा, काही महिने सहज जातात आणि वर्षही लोटतं.

पायरी सहावी: पेटी दारात आल्यावर

कात्री हातात घ्यायच्या आधी मोबाइल एका जागी टेकवून व्हिडिओ सुरू करा. बाहेरचा खोका सहा बाजूंनी दाखवा, मग उघडा. तुटलेला भाग दिसला तर ‘तुम्हीच तोडला’ असं म्हणायला विक्रेत्याला जागा राहत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या त्या योद्ध्याची तलवार पेटीतून बाहेर आली तीच केळ्यासारखी वाकलेली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की फोटोवरून काही सिद्ध होत नाही. तीन मेल झाले, मग मी नाद सोडला.

पुतळे तुटून येणं हे जुनं दुखणं आहे. २००७ च्या ‘बायोशॉक’ची गोष्ट सांगतो. विशेष एडिशन हवी म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, ५,००० सह्या झाल्या, कंपनीनं एडिशन काढली, आणि तिच्यातल्या बिग डॅडी या पात्राच्या कित्येक मूर्ती प्रवासातच मोडल्या. कंपनीनं बदलून दिल्या, पण उत्साह जायचा तो गेलाच. डिस्कही लगेच बघा: ‘हेलो ३’च्या लिमिटेड एडिशनच्या पत्र्याच्या डबीत डिस्क नीट धरली जात नव्हती, ती सुटून आतल्या आत फिरायची आणि ओरखडे पडायचे. मायक्रोसॉफ्टला डिस्क बदलून द्याव्या लागल्या. म्हणून डबी कानाशी धरून हलवून बघा. खडखड आली तर उघडायच्या आधीच तक्रार.

कोड असतील तर त्याच दिवशी वापरा. काही कोडांना मुदत असते आणि ती कागदाच्या मागं लिहिलेली असते.

वाकलेल्या पीव्हीसीवर मात्र घरचा इलाज आहे. वाफाळतं पण उकळतं नव्हे असं पाणी घ्या, वाकलेला भाग अर्धा-एक मिनिट बुडवा. तो रबरासारखा मऊ होतो. बोटांनी सरळ करा आणि तसाच धरून लगेच गार पाण्यात घाला. धरून ठेवणं महत्त्वाचं, सोडलंत की परत वाकतो. रंग घासू नका. रेझिनवर हा प्रयोग अजिबात करू नका. आणि अजून परतीची मुदत असेल तर आधी तक्रार करा, इलाज नंतर.

पायरी सातवी: ठेवायची कुठे

ऊन लागणार नाही अशा ठिकाणी, बस. उन्हानं रंग उडतो, पारदर्शक भाग पिवळे पडतात. पुतळा हाताला चिकट लागायला लागला तर घाबरू नका, पीव्हीसीतला मऊपणा देणारा पदार्थ पृष्ठभागावर येतो. कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवा. दिवे लागणाऱ्या वस्तूंमधून सेल काढून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी आत हिरवट चिकटा सापडेल. पेटीचं माप मागवायच्या आधीच घ्यायचं असतं, हे इथे सांगतोय कारण मीही नंतरच घेतलं होतं.

‘पुढे किंमत वाढेल’ म्हणणाऱ्यांसाठी

हा मुद्दा प्रत्येक नवखा काढतो, मीही काढला होता. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची न उघडलेली प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, ही बातमी त्यांना तोंडपाठ असते. पण ती कोणती प्रत होती? १९९६ मधली साधी! लाखो मुलांनी खोका फाडला, कार्टरिज कन्सोलमध्ये घातलं आणि खोका कचऱ्यात टाकला, म्हणून न उघडलेली, कोरीकरकरीत प्रत दुर्मीळ झाली. कलेक्टर्स एडिशनचं उलटं आहे. ती घेणारा प्रत्येक जण जपूनच ठेवतो. जे सगळेच जपतात ते दुर्मीळ कसं होणार?

अपवाद आहेत. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या कलेक्टर्स एडिशनमध्ये पांडाचं पिल्लू, झर्गलिंग किंवा छोटा डायब्लो यांतला एक प्राणी गेममध्ये देणारा कोड होता. ज्यांनी तो वापरलाच नाही अशांच्या पेट्यांना पुढे चांगली मागणी आली. पण गेम इतकी वर्षं जिवंत राहील हे २००४ मध्ये कुणाला माहीत होतं? आणि ज्यानं पेटी सीलबंद ठेवली त्यानं त्या पेटीतला पांडा कधी पाहिला नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात ते ठीक, पण हौसेला गुंतवणूक म्हणू नये.

विकायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल तर बाहेरचा तपकिरी खोका आणि आतलं थर्माकोल टाकू नका. ते नसतील तर पुतळा सुरक्षित पाठवता येत नाही आणि घेणारा भाव पाडतो. अख्खी पेटी गेली नाही तर वस्तू सुट्या विका. माझ्या अनुभवात स्टीलबुक आणि आर्टबुक आधी जातात, पुतळा पडून राहतो.

हुकली तर

सगळं जुळून आलं आणि पेटीच संपली, असंही होतं. त्या आठवड्यात दुप्पट भाव लावून बसलेल्यांकडे फिरकू नका. गेम येऊन दोन-तीन महिने झाले की बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो, रद्द झालेल्या ऑर्डरींचा माल परत दुकानात येतो, आणि माझ्यासारखे लोक आपापले योद्धे विकायला काढतात. जुन्या पेट्यांच्या बाजारात विचारताना तीन गोष्टी विचारा: काय काय कमी आहे, कोड वापरलेत का, आणि पुतळ्याचा सांध्यांजवळचा फोटो. चिकटवलेला हात सांध्यापाशी दिसतो, समोरून कधीच दिसत नाही.

मांडीवर घेऊन बसलो होतो म्हटलं ती पेटी अशीच आली. गेम मी दोनदा संपवलेला होता. चार वर्षांनी एका गृहस्थाकडून घेतली. गेम नव्हता, कोड वापरलेले, खोक्याचा एक कोपरा दबलेला, म्हणून साध्या गेमपेक्षाही कमी पैशांत. आत कापडी नकाशा होता. त्याच्या घड्यांवर आधीच्या मालकानं एका गावाभोवती पेन्सिलीनं बारीकसा गोल केला होता. मलाही त्याच गावात रस्ता सापडत नव्हता.

योद्धा अजून कपाटावरच आहे. विकायला काढला होता, कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यात त्याची तलवार पुन्हा खाली झुकायला लागते, मग मी पाणी तापवायला ठेवतो. त्या मुलीनं त्याचं नाव ‘बंडू’ ठेवलंय.